दरवाजावरचा पहारेकरी

"ज्या पिढीला इतिहास दाखवला जात नाही, तिला भविष्य माफ करत नाही," असं म्हणून मुख्याध्यापक जीवन सरांनी पेन ड्राइव्ह उलटा खुपसला. दुसऱ्या खेपेला सिनेमा सुरू झाला.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगरातल्या त्या शाळेत शनिवारी मुलांना एक जुना, गाजलेला ऐतिहासिक चित्रपट दाखवायचा होता. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग याच डोंगरांत झालं होतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. बघितला कुणीच नव्हता. तो मुलांना योग्य आहे का, हे तिघांनी ठरवायचं होतं: सर, निलम मॅडम आणि शाळा समितीच्या अध्यक्ष हिराबाई. नंतरचा विषय होता, हिराबाईंचे यजमान सुदाम यांना शाळेचा पहारेकरी म्हणून आणखी वर्षभर ठेवायचं का.

लढाई आली. मुंडकी उडाली.

"लहान मुलांना हे जड जाईल," मॅडम म्हणाल्या.

"पोरं विवळवेढ्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघतात, मॅडम. राहू द्या," हिराबाई म्हणाल्या.

दरबारात नाच झाला, दारूची सुरई फिरली.

"आमच्याकडं लग्नात याच्याहून जास्त होतं. राहू द्या."

मग किल्ल्याचा दरवाजा आला. दाराशी उभ्या असलेल्या सुदामला हिराबाईंनी चहा आणायला पिटाळलं. पडद्यावर भाल्याला टेकून एक तरणा पहारेकरी तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. शत्रू त्याच्या शेजारून चालत आत गेला.

"हे नको," हिराबाई म्हणाल्या.

"अहो, हाच तर सिनेमाचा प्राण," सर म्हणाले.

"आणि काय नैसर्गिक झोपलाय," मॅडम म्हणाल्या. "बाकीचे नुसते ओरडतात. अभिनय हा एकटाच करतोय."

"मुंडकी दाखवा, नाच दाखवा. हे दाखवणार असाल तर मी सही करत नाही."

सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं सुदामला चिडवणार, 'मामा, किल्ला गेला' म्हणणार. त्यात नोकरीचा विषयही आजच. सर भला माणूस.

"बरं. तेवढा वेळ मी पडद्यासमोर उभा राहून भूगोल सांगेन."

चित्रपट मंजूर झाला. सुदामची मुदतवाढही झाली.

"इतक्या वर्षांत एक चोरी नाही," सर म्हणाले.

"नेण्यासारखं आहे काय आपल्याकडे," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनीही सही केली.

संध्याकाळी फाटकापाशी सुदामने हळूच विचारलं, "कसा दिसलो गं?"

"तरणा."

"पोरांना दाखवणार ना?"

"तेवढ्या वेळात सर पुढं उभे राहणार."

"असं कसं? दरवाजावर पहारा द्यायचा, तेवढंच तर माझं काम होतं त्यात."

हिराबाईंनी फाटकाची कडी लावली. शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शकाने सुदामला फक्त भाला धरून उभं राहायला सांगितलं होतं.