छत सोडून

आमच्या कोर्टाची निधीची मागणी दर वर्षी विधिमंडळात जायची आणि अर्धीअधिक कापून परत यायची. यंदा मात्र निधी ठरवणाऱ्या विधिमंडळ समितीचे अध्यक्ष स्वतः पाहणीला आले. मोडक्या खुर्च्या, बंद लिफ्ट, टायपिस्टच्या रिकाम्या जागा, सगळ्याला मान डोलावत गेले. रेंगाळले ते रेकॉर्ड रूममध्ये. छत कुठं गळतं आणि त्याखाली कुठल्या सालच्या फायली आहेत, हे त्यांनी मला, साध्या रेकॉर्डकीपरला, दोनदा विचारलं.

काल मंजुरी आली. मागितलं त्याहून जास्तच मिळालं. फक्त रेकॉर्ड रूमचं छत वगळलं होतं.

कोर्टाचा कारभार बघणारे नाझरसाहेब खुशीत होते. "छताचं पुढच्या वर्षी बघू. बाई, तुमचं तोंड का वाकडं?"

"साहेब, अध्यक्षांवरचा जमिनीचा खटला आठवतो? गळतीखाली त्याच सालच्या फायली आहेत, असं मी त्यांना सांगितलं होतं."

नाझरसाहेबांचा चहा हातातच राहिला. "अहो, मग ती फाईल भिजून लगदा होईल की."



"कशी होईल? ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. गळतीखाली नुसती रद्दी आहे. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाच म्हटलं, बघू तरी छत मंजूर करतात का."