गार पाण्याचा नळ

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या त्या गावात गरम पाण्याच्या कुंडाला गार पाण्याचाही एक नळ होता. पण त्याला हात लावला की गावात नाक कापलं गेलंच म्हणून समजा. त्यामुळे कांजी आणि उमेकिची हे दोन म्हातारे दोस्त रोज संध्याकाळी डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून त्या कढत पाण्यात गळ्यापर्यंत बुडायचे आणि लालबुंद चेहऱ्याने एकमेकांना म्हणायचे, "आज कोमटच आहे, नाही?"

काल गावातल्या लॉजवर उतरलेला एक परदेशी पाहुणा कुंडावर आला. पाण्यात अंगठा बुडवताच तो किंचाळला आणि त्याने सरळ तो नळ पूर्ण सोडला.

"अरे, वाट लावली पाण्याची!" उमेकिची कडाडला.

"काही रीतभात आहे की नाही?" कांजीही ओरडला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याने पाण्यात आरामात पाय पसरले.

आज कांजी दुपारीच लॉजवर हजर झाला. "तो परदेशी कुठाय? त्याला कुंडाची रीत शिकवायचीय."

मालकीण म्हणाली,



"उशीर केलात, काका. रीत शिकवायला म्हणून उमेकिचीकाका आत्ताच त्याला हाताला धरून कुंडावर घेऊन गेले."