चाळीस झाडांची फाईल

वृषाली देवराईतून बाहेर आली ती फाईल छातीशी धरूनच. आत चाळीस झाडांची चाळीस पानं. एका कागदावर एक पान, चिकटपट्टीनं बसवलेलं, खाली नाव. कॉलेज-प्रवेशाची तयारी करून घेणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "वक्तृत्वाची बक्षिसं, रोबोटची कार्यशाळा, वृद्धाश्रमातले दोन रविवार, हे सगळ्यांच्याच प्रोफाइलमध्ये असतं गं. दुसऱ्या कुणाकडं नसेल असं काहीतरी हातात घेऊन जा." एका मोठ्या विद्यापीठात प्रवेशाची मुलाखत परवा होती. तिथं जागा दीडशे, आणि अर्ज किती आलेत ते मॅडमनी सांगितलंच नव्हतं.

"झाली का चाळीस?" तिचे वडील जालिंदर गाडीला टेकून उभे होते. आळेफाट्यावर त्यांचं गॅरेज. आपल्या फाट्यावरनं सगळ्या गाड्या कुठं ना कुठं जातात, आपणच तेवढं जाग्यावर, असं ते नेहमी म्हणत आणि म्हणताना पोरीकडं बघत. "बस चल. उजेडात घाट उतरू."

देवराईच्या तोंडाशी दगडावर सरुबाई बसली होती. इथल्याच आहुपे गावची म्हातारी. सकाळी यांना चपला काढायला तिनंच लावल्या होत्या.

"बघाया जातो म्हनलीस ना गं? मग ह्ये काय घेतलंस?"

"पानं आहेत, आजी. खाली पडलेलीच घेतली."

"आतलं भायेर नेत नाय."

जालिंदर हसले. "आजी, झडलेली पानं हायेत, राव. तितं कुजूनच जायाची."

"कुजू दे की. त्येंचं कामच हाय ते." मग ती वृषालीकडं वळली. "न्हे बया. मी कोन अडवनार? म्या काय फारिष्ट खात्यातली हाय व्हय? पर कुनाचं नेतीस तेवढं तरी सांगून जा."

वृषालीनं फाईल उघडली. "हे बेहड्याचं."

सरुबाईनं कागदाकडं पाहिलंही नाही. देठावर अंगठा फिरवला. "हिरडा हाय ह्यो. देठापाशी दोन बारीक गाठी असत्यात. हात लाव."

वृषालीनं हात लावला. खरंच, दोन होत्या. मोबाईलनं दाखवलं ते नाव तिनं लिहून टाकलं होतं. दुसरं पानही चुकलेलं निघालं. तिसरं बरोबर, पुढची दोन पुन्हा चुकलेली. वृषालीचे कान गरम झाले. चाळीस जणांना नावही न विचारता ती त्यांना घेऊन निघाली होती.

"मग नावं नीट लिव्ह अन चल," जालिंदर म्हणाले. "परवा तितं कोन हिरडा वळखतंय?"

बरोबरच होतं ते. कुणीच ओळखणार नव्हतं. ती फाईल हातात धरून तशीच उभी राहिली, मग खाली वाकून पुन्हा चपला काढल्या.

"पप्पा, जरा थांबा."

"येडी झालीस का? मॅडमला काय सांगनार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिला रडू येत होतं. त्या विद्यापीठाचं फाटक तिनं मोबाईलवर इतक्यांदा पाहिलं होतं की पायऱ्या किती तेही तिला पाठ होतं.

आत भर दुपारी संध्याकाळ होती. हिरवा, पाण्यातल्यासारखा उजेड. पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत बुडत होते. सरुबाई पुढं चालत होती, वृषाली एकेक पान सोडवत होती. "ज्येचं त्येला," म्हातारी म्हणायची, आणि वृषाली पान त्याच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवायची. जांभळीचं पान नखानं जरासं चुरडून हुंगायचं. उंबराच्या पानावर फोड असतात. एक वेल चार झाडांच्या गळ्यात हात टाकून गेली होती, तिचं पान कुठं ठेवायचं हे दोघींनाही बराच वेळ कळेना. वरून शेकरू खाली डोकावून निघून गेलं.

विसाव्या पानाला सरुबाई मुळीवर बसली. "जा आता तुजी तू."

वृषाली एकटीच फिरत राहिली. बोटं लावायची, हुंगायची, वर पाहायची. दोनदा चुकली, परत फिरली. किती वाजले, परवा काय आहे, तिच्या काही डोक्यात राहिलं नाही. इतकं बरं तिला कधीपासून वाटलं नव्हतं. दोन वर्षांत प्रोफाइलसाठी फोटो न काढता केलेली ही तिची पहिलीच गोष्ट. हे तिच्या खूप उशिरा ध्यानात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

ती बाहेर आली तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. फाईल हलकी लागत होती. आत चाळीस रिकामे कागद, चिकटपट्टीच्या खुणा, आणि खाली खोडून नीट लिहिलेली नावं. जालिंदर गाडीत बसून होते. त्यांनी फाईलकडं पाहिलं, पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. मग चावी फिरवली.

"थांब गं," मागून सरुबाई म्हणाली. वृषालीच्या वेणीत एक पान अडकून आलं होतं. म्हातारीनं ते काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. नाव काही सांगितलं नाही.

वृषालीनं देठावर अंगठा फिरवला. मग फाईल दगडावर ठेवली आणि झाडांकडं वळली.

जालिंदरनी हॉर्न वाजवला.

"आले, पप्पा," आतून तिचा आवाज आला. "एकाचं राहिलंय."