दोन हिसके

"बोल लंब्या, तुझी दोरी कोण धरणार?" मुकादमाने विचारलं.

गच्चीवर वारा असा, की मुकादमाची अख्खी मिशी एका गालावर जाऊन बसलेली. एक कावळा उडायचं सोडून कठड्यावरून चालत निघाला होता. खाली अठरा मजले, सगळे काचेचे, आणि काचा पुसायच्या होत्या. जो दोरीला लटकतो त्याने आपला गडी आपणच निवडायचा, हा या कामातला रिवाज. एवढ्या वाऱ्यात हाक पोचत नाही. म्हणून लटकणारा एक मजला उतरून थांबला, की वरचा दोरीला दोन हिसके देतो, म्हणजे, मी आहे. खालचा एक देतो. मीही आहे. तोवर पुढे उतरायचं नाही. इतकी वर्षं लंब्याची दोरी धरणारे मामा गुडघे धरून घरी बसले, आणि आज नवा गडी निवडायची पाळी आली.

"हे काय विचारणं झालं, मुकादम?" रेडिओ बाह्या सरसावत पुढे झाला. "आमची दोस्ती काय आजची आहे?"

रेडिओ म्हणजे लंब्याचा जिवाभावाचा. दोघं एका डब्यात जेवायचे. लंब्याच्या पोरीला सायकल शिकवली ती ह्यानेच. सकाळी तोंड उघडलं की झोपेतही मिटायचं नाही. शेजारीपाजारी म्हणे ह्याच्या घोरण्यातले विनोद ऐकून भिंतीपलीकडे हसायचे.

पाण्याच्या टाकीला पाठ लावून दुसरा उभा होता, शंकासुर. त्याच्याबरोबर कुणी चहासुद्धा घेत नसे. घराचं कुलूप ओढून बघायचा, बसथांब्यावरून माघारी येऊन पुन्हा ओढायचा. शेवटी एकदा कुलूपच वैतागून म्हणालं, "जा बाबा, लागलंय." तर हा विचारतो कसा, "नक्की?"

लंब्याने दोरी कमरेच्या पट्ट्यात ओवून गाठ मारली. हात थरथरत होते. कुणाला दिसू नयेत म्हणून घाईघाईने मारली.

रेडिओने पाठीवर थाप दिली. "झकास! हत्ती टांगला तरी सुटायची नाही."

शंकासुर टाकी सोडून जवळ आला. गाठीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बोटात दोरी अडकवून ओढली. अख्खी गाठ सुळकन सुटली आणि लंब्याच्या बुटावर येऊन पडली.

एक वेढा घ्यायचा राहिला होता.

कावळासुद्धा चालायचा थांबला.

"राहतो रे एखादा वेढा," रेडिओ हसला. ते हसू वाऱ्याने लगेच उचलून नेलं.

लंब्याने शंकासुराकडे बघितलं. "हा धरेल."

"हा? अरे, हात बघ त्याचे, लटलट कापतायत!"

"माझेही कापतायत."

"म्हणजे आपली दोस्ती चहापुरतीच का रे?"

शंकासुराने नवी गाठ मारली, दोनदा ओढून बघितली, आणि लंब्या कठड्यापलीकडे गेला.

वरून पहिल्या मजल्याला दोन हिसके आले. दुसऱ्याला आले. तिसऱ्याला आलेच नाहीत.

काचेच्या आत एक बाई कानाला फोन लावून जांभई देत होती. लंब्या फडकं हातात धरून तसाच लोंबकळत राहिला. दोरी वाऱ्याने करकरत होती. त्याने मान वर केली, तर नुसतं आभाळ. वर दोरीपाशी दोघं होते. एकाला त्याने निवडलं होतं आणि एकाला दुखावलं होतं. रेडिओ रागाने काही... छे, काहीतरीच. पण हे 'छे' म्हणताना त्याचे दात वाजले. पोरीची सायकल डोळ्यापुढे आली. बाईची जांभई संपली, फोन संपला, ती उठून गेलीसुद्धा.

मग दोन हिसके आले. लंब्याने एक दिला. डोळ्यातलं पाणी काचेवर उडालं, ते त्याने फडक्याने पुसलं.

जमिनीला पाय लागले तेव्हा ते त्याचे राहिलेच नव्हते. तेच उसने पाय घेऊन तो लिफ्टने वर आला.

"तिसऱ्या मजल्यावर जीव घेतलास की माझा!"

"तळहाताला घाम सुटला," शंकासुर म्हणाला. "दोरी पायाखाली दाबली आणि हात पुसले. धड धरता येत नसताना 'मी आहे' कसं सांगू?"

आता उतरायची पाळी रेडिओची. तो गप्प होता. मुकादमाने दोनदा कान झटकले, बिघडले की काय म्हणून. रेडिओने पट्टा आवळला, गाठ मारली आणि तो शंकासुरापुढे येऊन उभा राहिला.

"बघ."

शंकासुराने गाठ सोडली.

"चुकली होती?"

"नाही, बरोबर होती. पण बांधताना तू मनातल्या मनात बोलत होतास. ओठ हलत होते."

त्याने पुन्हा बांधली. रेडिओ कठड्यावर चढला आणि तिथेच थबकला. तोंड गच्चीकडे, पाठ अठरा मजल्यांकडे.

"लंब्या," तो हळूच म्हणाला, "खाली बघितलं की काय दिसतं रे?"

"इतकी वर्षं उतरतोयस की तू!"

"कधी बघितलंच नाही. म्हणून तर सारखा बोलत असतो."

लंब्या हसला नाही. तो वाकला आणि त्याने रेडिओची दोरी हातात घेतली. रेडिओ अजून कुठे गेला नव्हता, समोरच होता, हाताच्या अंतरावर. तरी लंब्याने दोरीला दोन हिसके दिले.

काही आलं नाही. नुसता वारा.

मग एक आला.