अर्ध्या वेगावर

कॉम्प्युटर कामातून गेलेला निघाला, तर दुरुस्तीवाल्याला नवा विकता येणार होता. धडधाकट निघाला, तर काकूंना अकरा वर्षांच्या भांडणाचा निकाल मिळणार होता. काकांच्या पदरात दोन्हीकडून काहीच पडणार नव्हतं. ते खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते. आधीच पुसलेला.

भांडण साधं होतं. काका घरी बसून कॉम्प्युटरवर छपाईसाठी पुस्तकांची पानं लावायचे. काकू रुग्णालयात रात्रपाळीच्या नर्स. सकाळी येऊन त्याच खोलीत पडद्यामागे आडव्या व्हायच्या. चारला उठायच्या, तेव्हाही काका सकाळच्याच पानावर. काका म्हणायचे, मशीन म्हातारं झालंय. काकू म्हणायच्या, मशीन बरं आहे, माणूसच गोगलगाय आहे. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि पहिलं काम म्हणजे दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सेटिंगमध्ये शिरून भुवया उंचावल्या.

"काकू, याला काही झालेलं नाही. प्रोसेसरचा वेग कुणीतरी निम्म्यावर आणून ठेवलाय. मेमरीचाही उतरवलाय. हे आपोआप होत नाही."

निकाल लागला होता, तोही खर्चासकट. काकू सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "अहो, म्हणजे मशीनलाही आळस तुम्हीच शिकवलात?"

"राहू दे गं. चाललंय तसं चालू दे."

"चालतंय कुठे? रांगतंय." त्या दुरुस्तीवाल्याकडे वळल्या. "तुम्ही करा हो वेग पूर्ण."

दुरुस्तीवाल्याने दोन्ही आकडे वर नेले. काकांचं सगळ्यात जाडजूड पुस्तक उघडलं. चारशे पानं पापणी लवायच्या आत हजर. काकूंनी कमरेवर हात ठेवले.

मग आतला पंखा जागा झाला. आधी घरघरला, मग असा सुटला की टेबलावरचा पेन गडगडत खाली गेला.

"जुन्याचं हे असंच," दुरुस्तीवाला आवाज चढवून म्हणाला. "वेग दिला की तापतं, तापलं की पंखा बोंबलतो. निम्म्यावर ठेवलं की गप्प."

काकूंनी टेबलापासून पलंगापर्यंत पाहिलं. चार पावलं, मध्ये एक पडदा. वॉर्डात त्या ऐटीत सांगायच्या, पाठ टेकली की एकदम चारलाच जाग. एकेकाच्या शरीराला वळणच असतं तसं.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस, होऊ दे आवाज, मला चालतो."

काकूंनी काकांच्या हातातला चष्मा काढून घेतला, पुसला आणि त्यांच्या नाकावर नीट बसवला.

"पूर्णच राहू द्या," त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. "आता दिवसा मी जागीच असते."

अकरा वर्षं झोप काकूंनी काढली होती, आणि गोगलगाय म्हणवून घेतलं होतं काकांनी.