कॉन्स्टन्सची टाच

घरातल्या सगळ्यांनी “उठू नको गो!” म्हणून ओरडायला आणि कॉन्स्टन्सने पाऊल खाली टेकायला एकच गाठ पडली. टाचेत सुरी घुसल्यासारखी कळ आली नि ती मटकन परत बसली.

“बघ वयनी, सकाळपासून बसून हायस तरी हे हाल,” नणंद रेजिना म्हणाली. “घागर मीच घेते.”

उद्या मुलाचं, बेसिलचं लग्न. आज संध्याकाळी विहिरीवरून त्याच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत आणायचं आणि ती घागर डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे नाचत यायचा मान आईचा. बेसिल एकुलता एक, म्हणजे हा मान कॉन्स्टन्सला पुन्हा मिळायचा नव्हता. महिनाभर कडक जमिनीवर उभं राहून तिने लग्नाचे तांदूळ कांडले, तेव्हापासून टाच धरली होती. मग आज घरच्यांनी मायेने तिला जागचं हलूच दिलं नाही. माया करणाऱ्यांना आवरणार कोण!

नवरा इनास चुलीपाशी मिरवणुकीत वाजवायच्या घुमटाचं, त्या मातीच्या ढोलाचं, कातडं शेकत होता. माणूस अबोल, पण बायकोकडे बघणं त्याने कधी सोडलं नव्हतं. रोज पहाटे ती भिंत धरून लंगडत उठते आणि थोड्या वेळाने अंगणात कोंबड्यांमागे धावते, हे त्याने कितीदा पाहिलं होतं.

त्याने चुलीत वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान टाकलं आणि तिची टाच जपून त्यावर टेकवली. मग पायाची बोटं नडगीकडे ओढून धरली.

“मेले रे!”

“मर. पण उठायच्या आधी बोटं अशी ओढायची. तळव्याची शीर आखडलीय. बसून राहिलीस तर आणखी आखडंल.”

मागच्या दाराने तो तिला केळींमध्ये घेऊन गेला. आधी तिने त्याचा खांदा धरला, मग नुसता हात, मग तोही सोडला. कॉन्स्टन्सला हसू फुटलं.

इकडे रेजिना घागर घेऊन, वाजंत्र्यांसह विहिरीवर पोचली, तर वयनी लुगडं खोचून काठावर हजर!

“केवढा उशीर गो?” कॉन्स्टन्सने विचारलं.

रेजिनाने घागर भरून तिच्या डोक्यावर ठेवली आणि डोळे पुसत स्वतःच आधी गिरकी घेतली.

वाटेत दारोदारी थांबून ताडी घ्यायची रीत. पण कॉन्स्टन्स थांबेचना. “थांबले का टाच धरंल!” ती नाचत पुढे, आणि लोक ताडीची मडकी घेऊन मागून पळताहेत. वाजंत्र्यांचे घसे कोरडे पडले. अख्ख्या नौपाड्याने अशी धावती मिरवणूक कधी पाहिली नव्हती. म्हातारेसुद्धा ओट्यावरून उठून मागे लागले.

दारात नवऱ्या मुलाने हात पुढे केले. इनासने घुमट थांबवलं. “घर आलं गो.”

कॉन्स्टन्सचे पाय काही थांबले नव्हते. “आणखी एक फेरी.”

“सकाळी टाच बोंबलंल.”

“बोंबलू दे.”

“अगं, अर्धी घागर तर सांडलीस!”

“मग परत विहिरीवरच जायला पायजे की,” ती म्हणाली, आणि वळलीसुद्धा. “वाजव!”