झाकणं

कोकणातल्या उंच सपाट सड्यावरच्या कुजक्या शेवाळाच्या दलदलीतले अखेरचे सतरा भुंगेरे मेले, तेव्हा संशोधक मृणालिनीने राखणदार गावडेमामांवर औषधफवारणीचा आळ घेतला. त्यांची नोकरी गेली.

मेलेल्या डोळ्यांनी शेवटी पाहिलेलं दाखवणारं यंत्र आज आलं. तिने एक भुंगेरा त्यात ठेवला. पडद्यावर शेवाळ सरकलं, मग भुंगेरे आत पडले की मोजायला तिनेच जमिनीत पुरलेला कप, त्यात साचलेलं पावसाचं पाणी, आणि वर उघडं आभाळ. गणपतीला गावी जायच्या घाईत ती कपांना झाकणं लावायलाच विसरली होती.

ती तडक मामांच्या घरी गेली. त्यांनी फळीवरून झाकणांची चळत काढून दिली. "भुंगेरे मेल्यावर तुमची खोली झाडताना खाटेखाली सापडली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिला मान वर करवेना.

"तुम्ही विचारलंत कुठे, बाई?"